गॅरेट जीटी2860आरएस: माफक ट्युनिंग केलेल्या रोजच्या गाडीसाठी मोठा टर्बो निवडताना

माझ्या गाडीत फोक्सवॅगन-ऑडी समूहाचे 1781 घनसेंटिमीटरचे, दर सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह असलेले टर्बो पेट्रोल इंजिन आडवे बसवलेले आहे आणि कारखान्यातून ते 180 अश्वशक्तीचे म्हणून आले होते. त्यावरचा के03 जातीचा लहान टर्बो (टर्बो म्हणजे जळलेल्या वायूने टर्बाइनचे चक्र फिरवून त्याच शाफ्टवरच्या कॉम्प्रेसरने इंजिनात हवा दाबणारे यंत्र) कमी फेऱ्यांवर इतक्या तत्परतेने जागा होतो की रोजच्या वापरात त्याच्याविषयी तक्रार करायला जागाच उरत नाही. मात्र इंजिन मिनिटाला 5000 फेऱ्यांच्या पुढे गेले की त्याचा दम संपतो, आणि ईसीयूचे, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे, ट्युनिंग बदलून बूस्ट (टर्बोने दिलेला वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) वाढवला तरी वरच्या फेऱ्यांवर हवेपेक्षा उष्णताच जास्त पदरात पडते. मला 250 अश्वशक्तीच्या आसपासची, रोज निर्धास्तपणे चालवता येईल अशी गाडी हवी होती आणि तीही इंजिन न उघडता, म्हणजे पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड मूळचेच ठेवून. बराच काळ कागदावर हिशेब केल्यानंतर मी गॅरेट कंपनीचा जीटी2860आरएस हा बॉल बेअरिंगचा टर्बो, 0.64 ए/आर (त्यातल्या वायूच्या वाटेचे माप) असलेल्या टर्बाइन हाउसिंगसह बसवला. दोन वर्षांच्या वापरानंतर माझे मत स्पष्ट आहे: या कामासाठी तो उत्तम आहे, आणि त्याचे कारण तो जास्त ताकद देतो हे नसून तो ती ताकद योग्य फेऱ्यांवर देतो हे आहे.

टर्बोच्या जाहिरातीत सर्वांत ठळक छापलेला आकडा अश्वशक्तीचा असतो आणि निवडीच्या कामी सर्वांत कमी उपयोगाचा आकडाही तोच असतो. टर्बो अश्वशक्ती निर्माण करत नाही. तो हवा पुरवतो, आणि त्या हवेचे काय करायचे हे इंजिन ठरवते. म्हणून सुरुवात हवेच्या हिशेबापासून करावी. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या घनफळाएवढी हवा ओढते, तेव्हा 1.781 लिटरचे इंजिन 6500 फेऱ्यांवर, सिलिंडर नव्वद टक्के भरतात असे धरून, मिनिटाला सुमारे 5200 लिटर हवा घेते. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) वातावरणापेक्षा 1 बार जास्त दाब आणि इंटरकूलरमधून (दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागातून) बाहेर पडलेल्या हवेचे तापमान 45 अंश सेल्सिअस धरले, तर त्या हवेची घनता घनमीटरला 2.2 किलो भरते, म्हणजे इंजिनात मिनिटाला साधारण साडेअकरा किलो हवा जाते. टर्बोचे उत्पादक हा प्रवाह बहुधा पाउंडांत देतात आणि त्या मापात तो मिनिटाला 25 पाउंड होतो. पेट्रोल इंजिनात एका पाउंडामागे दहा अश्वशक्ती हा ढोबळ पण भरवशाचा ठोकताळा आहे. याचा अर्थ 250 अश्वशक्तीसाठी मला 1 बार बूस्ट आणि 25 पाउंड हवा पुरेशी होती. 50 पाउंड हवा देणाऱ्या टर्बोची गरज मला नव्हती आणि बहुतेकांना नसते.

दाबाच्या गुणोत्तराचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब भागिले आत येणाऱ्या हवेचा दाब याचा, हिशेब करताना एक चूक सर्रास होते. 1 बार बूस्ट म्हणजे गुणोत्तर 2 असे मानले जाते, पण कॉम्प्रेसरला इंटरकूलर आणि नळ्यांमध्ये वाया जाणारा दाबही भरून काढावा लागतो आणि एअर फिल्टरमुळे त्याच्या तोंडाशी वातावरणापेक्षा थोडा कमी दाब असतो. इंटरकूलरमध्ये 0.1 बार आणि फिल्टरमध्ये 0.03 बार गेले असे धरल्यास समुद्रसपाटीला खरे गुणोत्तर 2.15 येते. गाडी 1500 मीटर उंचीवर नेली, जिथे हवेचा दाब 0.85 बारच्या आसपास असतो, आणि ईसीयूने मॅनिफोल्डमधला एकूण दाब तितकाच राखायचे ठरवले, तर हेच गुणोत्तर अडीचच्या पुढे जाते आणि समुद्रसपाटीला आरामात चालणारा लहान टर्बो तिथे आपल्या मर्यादेबाहेरच्या वेगाने फिरू लागतो. डोंगराळ भागात नियमित जाणाऱ्यांनी हा हिशेब टर्बो घेण्यापूर्वीच करून ठेवावा.

हे दोन आकडे, म्हणजे प्रवाह आणि दाबाचे गुणोत्तर, हाती आले की कॉम्प्रेसर मॅपवर, म्हणजे उत्पादकाने दिलेल्या कॉम्प्रेसरच्या आलेखावर, बिंदू मांडता येतात. मी 3000, 4000, 5000 आणि 6500 फेऱ्यांचे चार बिंदू मांडले. मॅपच्या डाव्या कडेची रेषा सर्जची असते. तिच्या पलीकडे कॉम्प्रेसरने पुढे ढकललेली हवा पाठीमागे उसळते आणि त्या धक्क्यांनी बेअरिंगचे आयुष्य झपाट्याने घटते. उजव्या कडेला हवा चक्रात अडकू लागते आणि कार्यक्षमता कोसळते. मधल्या बेटांवर कार्यक्षमता सत्तर टक्क्यांच्या पुढे असते आणि आपले महत्त्वाचे बिंदू तिथे पडावेत अशी अपेक्षा असते. यातला फरक कागदी नाही. 25 अंशांची हवा 2.15 गुणोत्तराने दाबताना कॉम्प्रेसर 75 टक्के कार्यक्षम असेल तर ती सुमारे 122 अंशांना बाहेर पडते आणि 60 टक्के असेल तर सुमारे 147 अंशांना. मधले 25 अंश इंटरकूलरला सोसावे लागतात, आणि त्याला जे सोसत नाही ते सिलिंडरमध्ये नॉकिंगच्या (मिश्रण अवेळी पेटून बसणाऱ्या ठोक्यांच्या) रूपाने उमटते. मग ईसीयू इग्निशन मागे खेचते, म्हणजे ठिणगी उशिरा देते, आणि वाढवलेल्या बूस्टची ताकद हातची जाते. मूळचा टर्बो जास्त दाबला तरी गाडी वरच्या फेऱ्यांवर धावत नाही याचे कारण हेच.

माझ्यासमोर चार पर्याय होते. पहिला के04 चा, ऑडी एस3 आणि टीटी यांच्या 225 अश्वशक्तीच्या आवृत्तीत कारखान्यातूनच येणारा मोठा प्रकार. तो विश्वासार्ह आहे आणि त्याचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (जळलेला वायू टर्बोकडे नेणारा भाग) व डाउनपाइप (तो टर्बोतून बाहेर नेणारी नळी) मूळ उत्पादकाच्या भागांतूनच जुळवता येतात. के03 च्या जागी सरळ बसणारा के04 चा लहान प्रकारही मिळतो, पण दोहोंमधला फरक इतका अल्प आहे की केवळ त्यासाठी टर्बो काढण्या-बसवण्याचे श्रम घ्यावेत असे मला वाटत नाही. दुसरा पर्याय जीटी2860आरएस. तिसरा बोर्गवॉर्नरचा ईएफआर 6258, ज्याचे टर्बाइन चक्र टायटॅनियम-ॲल्युमिनाइडचे आहे. नेहमीच्या निकेल मिश्रधातूच्या तुलनेत ते जवळपास निम्म्या वजनाचे असल्याने वेग लवकर पकडते. अभियांत्रिकी म्हणून मला तो मनापासून आवडतो, परंतु त्याचे हाउसिंग अंगाने मोठे आहे आणि आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या मागे, फायरवॉलला (इंजिन आणि प्रवाशांमधल्या भिंतीला) लागून असलेल्या जागेत ते मावण्यासाठी फार काटछाट करावी लागली असती. चौथा जीटी3076आर. तो पाचशे अश्वशक्तीपर्यंत आणि त्यापुढेही जाऊ शकतो, आणि नेमक्या त्याच कारणाने मी तो बाजूला ठेवला: माझे इंजिन 3000 फेऱ्यांवर त्याच्या 76 मिलिमीटरच्या कॉम्प्रेसर चक्राला पुरेशी हवा ओढूच शकले नसते.

जीटी2860आरएसच्या नावातला 60 हा आकडा कॉम्प्रेसर चक्राच्या बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये आहे. हवा आत घेणाऱ्या बाजूला हे चक्र सुमारे 47 मिलिमीटर आणि टर्बाइनचे चक्र सुमारे 54 मिलिमीटर आहे. शौकिनांमध्ये तो ‘डिस्को पोटॅटो’ या नावाने ओळखला जातो. गॅरेट त्याला 250 ते 360 अश्वशक्तीच्या गटात बसवते, म्हणजे माझे उद्दिष्ट त्याच्या खालच्या कडेला होते. अशा वेळी पुष्कळ जण ‘वरची कड वापरली जाणार नसेल तर पैसे वाया’ असे म्हणतात. मला ते पटत नाही. खालच्या कडेला चालणारा टर्बो आपल्या कार्यक्षमतेच्या बेटावर निवांत राहतो, चक्राचा वेग मर्यादेच्या बराच खाली असतो आणि उन्हाळ्यात किंवा उंचावर थोडी जास्त मेहनत करावी लागली तर ती करायला त्याच्याकडे शिल्लक असते.

कॉम्प्रेसरवर एवढी चर्चा होते, पण गाडी चालवताना प्रत्यक्ष जाणवते ते टर्बाइन हाउसिंग. ए/आर म्हणजे हाउसिंगमधल्या गोगलगायीच्या शिंपल्यासारख्या वाटेच्या छेदाचे क्षेत्रफळ भागिले त्या छेदाच्या मध्यापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतचे अंतर. हा आकडा लहान असला की वायू अरुंद वाटेतून वेगाने चक्रावर आदळतो आणि टर्बो लवकर जागा होतो. पण वरच्या फेऱ्यांवर तीच अरुंद वाट अडसर बनते, टर्बाइनच्या आधीच दाब साचतो आणि जळलेला वायू सिलिंडरमध्ये अडकून राहतो. हा अडकलेला गरम वायू नॉकिंगला थेट आमंत्रण देतो. जीटी2860आरएस 0.64 आणि 0.86 अशा दोन हाउसिंगमध्ये मिळतो. दोन लिटरहून मोठ्या इंजिनाला किंवा ज्यांची गाडी बहुतांश काळ ट्रॅकवर वरच्या फेऱ्यांत राहते त्यांना 0.86 शोभेल, 1.8 लिटरच्या रस्त्यावरच्या गाडीला 0.64 शिवाय दुसरे हाउसिंग मी सुचवणार नाही. माझ्या गाडीत पूर्ण 1 बार बूस्ट चौथ्या गिअरमध्ये 3700 फेऱ्यांच्या सुमारास येतो, जिथे मूळचा टर्बो 2400 लाच भरलेला असे. हा फरक मोठा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही.

तरीही हाच फरक मला या टर्बोचा गुण वाटतो, आणि या परीक्षणातला माझा मुख्य मुद्दाही तोच आहे. या इंजिनाचे नाजूक अवयव म्हणजे त्याचे कनेक्टिंग रॉड. त्यांना अश्वशक्तीची पर्वा नसते. त्यांना वाकवतो तो टॉर्क, विशेषतः कमी फेऱ्यांवर एकदम येणारा टॉर्क, कारण तेव्हा सिलिंडरमधला दाब सर्वाधिक असतो आणि पिस्टन संथ असल्याने तो दाब रॉडवर जास्त वेळ टिकतो. ट्युनिंग करणाऱ्यांमध्ये मूळच्या रॉडसाठी 400 न्यूटन-मीटरच्या आसपासची मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. आता लहान टर्बोकडून 250 अश्वशक्ती काढायची म्हटले तर तो वरच्या फेऱ्यांवर थकतो, म्हणून ट्युनर मधल्या फेऱ्यांवर बूस्ट वाढवतो, आणि 3000 फेऱ्यांवर टॉर्कचा असा सुळका उभा राहतो की रॉडला नेमका तिथेच धोका असतो. याउलट 6000 फेऱ्यांवर 250 अश्वशक्तीसाठी तीनशेहून थोडा कमी न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. ज्या टर्बोला वरपर्यंत दम आहे त्याला मध्ये सुळका उभारण्याची गरजच पडत नाही. माझ्या गाडीचा कमाल टॉर्क आम्ही मुद्दाम 340 वर बांधला आहे आणि तो 4000 पासून पुढे जवळजवळ सपाट राहतो. उशिरा येणाऱ्या बूस्टमुळे रॉड वाचतात, टायरची पकड सुटत नाही आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणातून बाहेर पडताना स्टिअरिंग हातातून ओढत नाही.

1973 च्या बीएमडब्ल्यू 2002 टर्बोत 6.9 इतके कमी कॉम्प्रेशन आणि उशिरा, एकदम येणारा बूस्ट होता. त्यानंतर काही वर्षांतच आलेल्या साब 99 टर्बोने वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडणारे दार) वापरून लहान टर्बो रोजच्या वेगांसाठी जुळवला आणि केवळ 145 अश्वशक्तीत टर्बो गाडी कुटुंबाला चालवण्याजोगी करून दाखवली. आकार आणि स्वभाव यांचा मेळ हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे आणि आजही तो वेगळ्या आकड्यांत तसाच समोर येतो.

बसवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण बहुतेक टर्बो सदोष निघत नाहीत, ते सदोष बसवले जातात. जीटी2860आरएसचा फ्लँज (मॅनिफोल्डला जोडायची चकती) टी25 मापाचा असल्याने या इंजिनाला वेगळे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लागते. मी बिडाचे ओतीव मॅनिफोल्ड घेतले. पातळ नळ्या वेल्ड करून बनवलेली मॅनिफोल्ड दिसायला सुंदर असतात आणि हवेला वाटही चांगली देतात, परंतु रोजच्या तापण्या-गारठण्यात त्यांना तडे जाण्याची शक्यता जास्त असते आणि त्यांच्यावर टर्बोचे सगळे वजन तोललेले असते.

बॉल बेअरिंगच्या टर्बोला ऑइल फार थोडे लागते, म्हणून त्याच्या आत जाणाऱ्या वाटेवर सुमारे 0.9 मिलिमीटर छिद्राचा रिस्ट्रिक्टर बसवावा लागतो. तो विसरला तर ऑइल तुंबते. याहून महत्त्वाची परतीची नळी. टर्बोतून ऑइल दाबाने बाहेर पडत नाही, ते केवळ उताराने खाली वाहते, तेव्हा ही नळी रुंद, शक्य तितकी उभी आणि सम्पमधल्या (इंजिनाच्या तळाच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी असली पाहिजे. माझ्या गाडीचे काम ज्या गॅरेजमध्ये झाले तिथे ही नळी स्टार्टरला वळसा घालून नेली गेली आणि एका जागी ती चक्क मुडपली होती. पहिल्याच आठवड्यात सिग्नलला उभे राहिले की मागून निळसर धूर येऊ लागला. टर्बोचे सील गेले असे मला सांगण्यात आले आणि मीही ते खरे मानले. वास्तविक टर्बोच्या शाफ्टवर रबरी सील नसतात; पिस्टन रिंगसारख्या बारीक कड्या असतात, आणि आत ऑइल साचले की त्या ते अडवू शकत नाहीत. नळी बदलून सरळ खाली सोडली आणि धूर त्याच दिवशी थांबला. टर्बोला हातही लावावा लागला नाही. धूर दिसताच टर्बो परत पाठवण्याची घाई करणाऱ्यांनी आधी ही नळी आणि क्रँककेसच्या व्हेंटिलेशनचा (इंजिनाच्या खालच्या भागातली वाफ बाहेर सोडणारा) व्हॉल्व्ह तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मधल्या हाउसिंगला पाण्याच्या नळ्या जोडणे काही जण टाळतात. ते करू नये. इंजिन बंद झाल्यावर तापलेल्या टर्बाइनची उष्णता शाफ्टवाटे बेअरिंगकडे सरकते आणि तेव्हा ऑइलचा पंप थांबलेला असतो. पाणी मात्र तापून आपोआप वर चढते आणि उष्णता घेऊन जाते.

वेस्टगेट या टर्बोत अंगचेच येते. रुंद डाउनपाइप लावल्यावर वायू इतका सहज वाहू लागतो की लहान वेस्टगेटला तो वळवणे जमत नाही आणि बूस्ट आपोआप वर चढत राहतो, ही अडचण काही गाड्यांत येते. माझ्या गाडीत 6000 च्या पुढे बूस्ट अगदी किंचित, 0.05 बारच्या आसपास चढतो आणि तेवढा मी स्वीकारला आहे. इंधनाच्या बाजूला 250 अश्वशक्तीसाठी मिनिटाला 440 घनसेंटिमीटरच्या आसपासचे इंजेक्टर लागतात, एअरफ्लो मीटरचे घर मोठे करावे लागते आणि ईसीयूचे ट्युनिंग त्यानुसार नव्याने करून घ्यावे लागते. जुन्या ट्युनिंगवर नवा टर्बो एक दिवसही चालवू नये. जिथे वाहनाच्या धुराचे आणि फेरबदलांचे नियम लागू आहेत तिथे ते आधीच पाहून घ्यावेत.

आता चालवण्याचा अनुभव. शहरातल्या गर्दीत, 2500 फेऱ्यांच्या खाली, गाडी पूर्वीपेक्षा मंद आहे; तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळून मग एकदम पुढे काढण्याची जुनी सवय सोडावी लागली आणि गिअर उतरवण्याची नवी सवय लावून घ्यावी लागली. परंतु ॲक्सिलरेटरवर पाय आधीच असेल आणि फेरे 3500 च्या वर असतील, तर बॉल बेअरिंगचे महत्त्व कळते: गिअर बदलताना पडलेला बूस्ट इतक्या लवकर परत येतो की मधली पोकळी जाणवत नाही. महामार्गावर पाचव्या गिअरमधून चौथ्यात उतरून ओव्हरटेक करताना ताकद एका सरळ, वाढत जाणाऱ्या ओघाने येते आणि लाल रेषेपर्यंत तशीच टिकते. मूळच्या टर्बोवर 5500 ला गिअर बदलणे शहाणपणाचे होते. आता 6800 पर्यंत थांबावेसे वाटते. संथ चालवताना इंधनाचा खर्च पूर्वीइतकाच आहे, आणि जोरात चालवल्यावर तो वाढतो हे स्वाभाविकच आहे.

ज्यांची गाडी प्रामुख्याने शहरात चालते आणि ज्यांना 220 अश्वशक्ती पुरेशी आहे त्यांनी के04 चा मोठा प्रकार घ्यावा. त्यांच्यासाठी तो माझ्या टर्बोपेक्षा चांगला आहे. ज्यांना पुढे रॉड बदलून 350 च्या दिशेने जायचे आहे त्यांनी जीटी2860आरएस घ्यायला हरकत नाही, मात्र तेव्हा तो आपल्या वरच्या कडेला काम करील हे ध्यानात ठेवावे. हुबेहूब दिसणाऱ्या नकला फार आढळतात, म्हणून खरेदी अधिकृत विक्रेत्याकडूनच करावी. मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्यांनी फिरणाऱ्या चक्रात समतोलाची बारीकशी चूकही बेअरिंगला झेपत नाही, आणि समतोल असा गुण आहे की तो वरून पाहून कळत नाही.

गेल्या महिन्यात, 26,000 किलोमीटर झाल्यावर, इनटेकची नळी काढून मी शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. पुढे-मागे तो जराही हलत नाही, बाजूला नव्या टर्बोइतकाच हलतो, आणि कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा स्वच्छ व अखंड आहेत. नळीच्या आतल्या बाजूला ऑइलचा अगदी पातळ थर होता, जो क्रँककेसच्या वाफेचा आहे आणि तेवढा अपेक्षितच असतो. तो पुसून नळी परत बसवली.